पोटातली चौदा इंजेक्शनं आणि वस्तीवरचं कुत्रं

या पानावर एरवी डाळिंब, ज्वारी आणि पाण्याचंच रडगाणं असतं. आजची नोंद कुत्र्याची आहे, आणि बरीचशी जुन्या काळातली आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या शिवारात पिसाळलेलं कुत्रं फिरतंय अशी बोलवा उठली. खरं-खोटं देव जाणे, पण पारावर बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडी एकच गोष्ट होती: चावलं तर पोटात चौदा इंजेक्शनं. ऐकून दोन पोरं भ्यायली ती भ्यायलीच. आता ही बेंबीभोवतीची इंजेक्शनं आपल्याकडे बंद होऊन वीस वर्षं उलटली. तरी भीती शिल्लक आहे, आणि त्या भीतीपायी अजूनही माणसं चावा लपवतात. म्हणून ही चौदा इंजेक्शनं आली कुठून आणि गेली कुठं, ते नीट लिहून ठेवतो.

रोग नवा नाही. सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या जनावराचं वर्णन आहे, पाण्याला भिणाऱ्या रोग्याचं आहे, आणि त्या अवस्थेला 'जलत्रास' हे नावही आहे. असा रोगी वाचत नाही हे त्या वैद्यांना पक्कं ठाऊक होतं. चावल्याबरोबर जखमेतलं रक्त वाहू द्यावं आणि तुपानं डागावं असा उपाय त्यात दिलाय. आज कुणी हे करू नये, पण रोग जखमेच्या वाटेनं आत शिरतो हा त्यांचा अंदाज बरोबर होता. त्याहीआधी, जवळजवळ पावणेचार हजार वर्षांपूर्वी, आजच्या इराकमध्ये एश्नुन्ना नावाचं एक राज्य होतं. तिथल्या कायद्यात एक कलम असं की, तुझं कुत्रं पिसाळलंय हे सरकारनं कळवूनही मालकानं ते आवरलं नाही आणि ते चावून माणूस मेला, तर मालकानं ४० शेकेल चांदी भरायची. हे कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. कुत्र्याला मालक आहे आणि जबाबदारी त्याच्यावर आहे, एवढं त्यात गृहीत धरलंय. पुढच्या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट निसटत राहिली.

आपल्याकडे कुत्रं नेमकं कुणाचं, हे सांगणं तसं अवघडच. खंडोबाचं कुत्रं आपण पुजतो, दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. धनगराच्या वाड्यावर पिलू कोकरांतच वाढतं, मेंढराच्या वासाला सरावतं आणि मोठं झालं की रात्री लांडग्याच्या आडवं उभं राहतं. विलायती मेंढपाळाची कुत्री शीळ ऐकून कळप वळवतात, तसं शिकवणं आपल्याकडच्या कुत्र्याला नसतं. त्याचं काम राखणीचं. दिवसा सावलीला पडायचं, रात्री जागायचं, भाकरी-आंबील मिळेल ती खायची. पण गावातलं कुत्रं सगळ्या आळीचं असतं. भाकरी दहा घरची आणि मालक एकही नाही. चावलं की मग ते कुणाचंच नसतं.

इंग्रजांनी यावर सोपा उपाय काढला, मारून टाकायचा. मुंबईत उन्हाळ्याच्या महिन्यांत बेवारस कुत्री मारायची मोहीम चाले आणि दर कुत्र्यामागं ८ आणे मिळत. बक्षिसाच्या आशेनं शिपायांनी पाळलेली कुत्रीही ओढून न्यायला सुरुवात केली. ६ जून १८३२ ला फोर्टातल्या पारशी लोकांनी कुत्री मारणाऱ्या शिपायांना झोडपलं. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला आणि गोऱ्या पलटणीचं दाणापाणी अडलं. मुंबईतल्या पहिल्या मोठ्या दंगलींत ही धरली जाते, आणि ती कुत्र्यांवरून झाली.

जवळजवळ शंभर वर्षांनी, १९२६ मध्ये, अहमदाबादच्या एका मोठ्या गिरणीमालकानं आवारातली ६० कुत्री मारवली. गांधीजींनी त्याची बाजू घेतली तेव्हा त्यांच्यावर पत्रांचा पाऊस पडला, आणि 'यंग इंडिया'त कित्येक अंक तो वाद चालला. भाकरीचा तुकडा टाकून पुण्य मिळवायचं आणि कुत्र्याची जबाबदारी मात्र घ्यायची नाही, ही दया खोटी आहे, असा त्यांचा मुद्दा होता. मारण्याबद्दलचं त्यांचं मत मला पटत नाही. जबाबदारीबद्दलचं पटतं.

आता इंजेक्शनांकडे येतो. ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्याकडे जोसेफ माइस्टर नावाचं ९ वर्षांचं पोरगं आणलं. पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याला बऱ्याच ठिकाणी फाडलं होतं. रेबीज झालेल्या सशांचा पाठीचा मज्जारज्जू वाळवून त्यातलं विष सौम्य करायची रीत पाश्चर यांनी शोधली होती. आधी सगळ्यांत जास्त वाळलेला, मग दिवसेंदिवस ताजा, अशी १३ इंजेक्शनं त्या पोराला दिली. पोरगं वाचलं. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये आला तो ज्युपिय, वय १५, धंदा मेंढ्या राखायचा. पिसाळलेलं कुत्रं लहान पोरांच्या अंगावर धावलं तेव्हा तो मध्ये पडला, चाबकानं कुत्र्याचं तोंड बांधलं आणि पायातल्या लाकडी बुटानं त्याला ठेचलं. हात मात्र फाटले. तोही वाचला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा पुतळा आहे. मेंढपाळाच्या पोराचा पुतळा शास्त्रज्ञांच्या अंगणात, हे आमच्या माणदेशातल्या माणसांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

चावल्यावर लस देऊन उपयोग कसा, असा प्रश्न मला नेहमी पडायचा. त्याचं उत्तर विषाणूच्या चालीत आहे. तो जखमेतून नसेत शिरतो आणि नसेच्या कडेनं हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला बहुधा एक ते तीन महिने लागतात. तेवढ्यात लसीनं अंगात ताकद तयार झाली तर माणूस जिंकतो. एकदा विषाणू मेंदूत पोचून लक्षणं दिसली की हातात काही राहत नाही.

सुरुवातीला हिंदुस्थानातल्या गोऱ्या माणसाला कुत्रं चावलं तर त्याला बोटीनं पॅरिसला धाडत. आपल्या माणसाचं काय होत असेल ते सांगायला नको. १९०० मध्ये हिमालयात कसौलीला पाश्चर संस्था सुरू झाली, १९०७ मध्ये दक्षिणेत कुन्नूरला. १९११ मध्ये कसौलीच्या डेव्हिड सेंपल यांनी नवी लस काढली. मेंढीला रेबीजचा विषाणू टोचायचा, रोग झाला की तिचा मेंदू काढायचा, वाटून पातळ करायचा आणि फिनॉलनं विषाणू मारायचा. ही लस स्वस्त होती, गावोगावच्या दवाखान्यांत पाठवता यायची. पुढे मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही रेबीजची लस तयार होऊ लागली. लाखो लोक या लसीनं वाचले. ज्या मेंढीला राखायला आपण कुत्रं पाळतो, तिच्याच मेंदूतून कुत्र्याच्या चाव्याचं औषध निघावं, हा योग बघा.

पण ती लस अशुद्ध होती, म्हणून तिची मात्रा मोठी लागे. दंडात एवढं औषध मावत नाही. पोटाच्या कातडीखाली जागा भरपूर, म्हणून पोट. जखम किती मोठी ते बघून ७ ते १४ दिवस, रोज एक. ते आपलं 'पोटात चौदा'. ठणका लागायचा तो वेगळाच. शिवाय मेंढीच्या मेंदूचा अंश अंगात गेल्यानं थोड्या लोकांना लसीमुळेच लकवा व्हायचा. आणि रोज तालुक्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. ऐन सुगीत चौदा दिवस कोण जाणार? बरेच जण चार-पाच टोचून घेऊन घरी बसत.

ही जी पोकळी राहिली ती गावठी औषधवाल्यांनी भरली. जखमेत तिखट भर, चुना लाव, अमक्या गावचा माणूस मंतरून देतो. या लोकांना यश यायचं त्याचं कारण साधं आहे. चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं, आणि पिसाळलेलं चावलेल्या प्रत्येकालाही रोग होत नाही. वाचलेले दहा जण औषधवाल्याचं नाव घेत आणि मेलेला बोलायला राहत नसे.

१९७० च्या दशकात प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर शुद्ध लस तयार झाली. १९७६ मध्ये इराणमध्ये पिसाळलेल्या लांडग्यांनी आणि कुत्र्यांनी चावलेल्या ४५ लोकांना ती दिल्याचं प्रसिद्ध झालं. सगळे जगले. तरीही आपल्या सरकारी दवाखान्यांत मेंढीच्या मेंदूची लस २००४ च्या अखेरीपर्यंत चालू होती. आता दंडात चार-पाच इंजेक्शनं, तीही महिनाभरात विभागून. जखम खोल असेल तर जखमेतच सीरम भरतात. आणि सगळ्यांच्या आधी, चावल्याबरोबर, वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुणं. या विषाणूला चरबीचं आवरण असतं, ते साबणानं फुटतं. सुश्रुताच्या डागण्याचं काम आज अंगाच्या साबणाची वडी करते.

इथवरचा सगळा इतिहास चावलेल्या माणसाचा झाला. कुत्र्याला लस द्यावी हे जपानमध्ये १९२१ च्या सुमारास उमेनो आणि दोई यांनी करून दाखवलं होतं. १९५० मध्ये जपाननं कायदा केला, कुत्र्याची नोंदणी आणि लस सक्तीची केली, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त केला. १९५७ पासून त्या देशातल्या कुत्र्यांत रेबीज नाही. सात वर्षं लागली फक्त. ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाला पुढं सरकायला वाट राहत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपण त्याच काळात उलट्या दिशेनं गेलो, आणि त्यात शेतकऱ्याचा हात नकळत लागला. मेलेलं जनावर गावाबाहेर टाकायचं, गिधाडं तासाभरात साफ करायची, ही जुनी व्यवस्था. नव्वदीत गिधाडं मरायला लागली. २००४ मध्ये कारण सापडलं: ताप-सुजेवर जनावरांना टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक. असं जनावर मेल्यावर गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती. टाकलेल्या मढ्यांवर मग कुत्री पोसली. म्हणून मेलेलं जनावर खड्ड्यात पुरा असं मी सारखं सांगतो ते नुसतं वासासाठी नाही.

शेजारच्या गोव्यात काय झालं तेही बघण्यासारखं आहे. साधारण २०१३-१४ पासून तिथं सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था मिळून गावोगाव, घरोघर कुत्र्यांना लस देत गेली. पाळलेलं कुत्रं मालकानं धरायचं, मोकाट असेल तर जाळीत पकडायचं, टोचायचं, रंगाची खूण करून सोडून द्यायचं. दरवर्षी हे पुन्हा करायचं. २०२१ मध्ये राज्य सरकारनं गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर केलं. म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाच्या हद्दीपलीकडे जे जमलं ते अलीकडे जमायला काय अडचण आहे?

अडचण मला दिसते ती अशी. शहरातल्या पाळीव कुत्र्याचं कार्ड असतं, डॉक्टर असतो. मोकाट कुत्र्यासाठी नगरपालिका असते, निदान कागदावर तरी. वस्तीवरचं कुत्रं मधल्यामध्ये राहतं. त्याला नाव आहे, भाकरी आहे, पण लस नाही. आणि लांडगा, कोल्हा, मुंगूस या सगळ्यांशी रात्री पहिली गाठ त्याचीच पडते.

आणखी एक, गोठ्यातलं. पिसाळलेलं प्रत्येक जनावर चवताळत नाही. काही कुत्री गप्प पडतात, जबडा लोंबतो, लाळ गळते. माणसाला वाटतं घशात हाड अडकलंय. गाय-म्हैस वेगळ्याच आवाजात हंबरते, गिळता येत नाही, तर आपण तोंडात हात घालून काही अडकलंय का बघतो. असं दिसलं तर हात घालू नका, आधी पशुवैद्यकाला बोलवा. हात घालून झाला असेल तर साबणानं धुऊन सरळ दवाखाना गाठा. अशा जनावराचं कच्चं दूध कुणालाच देऊ नका.

लम्पीच्या वेळी, २०२२ मध्ये, आपल्या राज्यात दारोदार जाऊन गाई-बैलांना लस दिली गेली. लाळ्या-खुरकुताची लस टोचायला पथक वस्तीवर येतंच. त्याच पेटीत कुत्र्याच्या लसीच्या चार कुप्या आल्या, तर मालक घरी, कुत्रं दारात, वेगळा दिवस नको. पशुवैद्यकीय खात्यातले बरेच जण हे पान वाचतात, त्यांनी यावर जरूर सांगावं. आपल्या बाजूनं करायचं ते एवढंच, पिलाला लहानपणापासून धरायची सवय लावायची. रोज भाकरी देताना कान, पाय, मानगूट हाताळायचं, तोंडाला फडक्याची मुसकी बांधून सोडायची. महिनाभरात सरावतं. तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढं दरवर्षी. आमच्या वस्तीवरच्या पाच कुत्र्यांची कार्डं मी बैलांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलीत. पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे, शेजारच्या तीन वस्त्यांना निरोप धाडलाय.