रिएन्झी : सहा तासांचा प्रयोग आणि न फिटलेले ऋण

१/ २० ऑक्टोबर १८४२. सॅक्सनी या जर्मन राज्याची राजधानी ड्रेस्डेन. संध्याकाळी राजदरबाराच्या ऑपेरागृहाचा पडदा वर गेला आणि मध्यंतरे धरून प्रयोग सहा तासांहून अधिक काळ चालला. तरीही प्रेक्षक खिळून राहिले. त्या रात्रीची, आणि तिच्यामागील एका उपकाराची ही कथा.

२/ संगीतकार होता अवघा २९ वर्षांचा रिचर्ड वाग्नर. कृतीचे नाव ‘रिएन्झी’. चौदाव्या शतकात रोमच्या उन्मत्त सरदारांविरुद्ध उभा राहिलेला, १३४७ मध्ये सत्तेवर आलेला आणि १३५४ मध्ये त्याच शहरातील जमावाकडून मारला गेलेला कोला दी रिएन्झो हा तिचा नायक. कथानकाचा आधार बुल्वर-लिटनची १८३५ मधील इंग्रजी कादंबरी.

३/ त्या काळी ‘ग्रँड ऑपेरा’ म्हणजे पॅरिस. पाच अंक, ऐतिहासिक विषय, प्रचंड समूहगान, मिरवणुका, नृत्यनाट्य आणि अखेरीस डोळे दिपवणारा विध्वंस. या शैलीचा सम्राट होता जाकोमो मायरबेअर. बर्लिनच्या ज्यू कुटुंबात जन्मलेला, पण कीर्ती पॅरिसमध्ये मिळवलेला.

४/ वाग्नरला तेच पॅरिस जिंकायचे होते. १८३९ मध्ये रीगा येथील नोकरी गेलेली, सावकार मागे लागलेले. पारपत्राविना सीमा ओलांडून तो पत्नीसह ‘थेटिस’ नावाच्या जहाजावर चढला. वादळांनी झोडपलेल्या त्या प्रवासात ‘रिएन्झी’ची अपुरी संहिता त्याच्यासोबत होती.

५/ पॅरिसने मात्र त्याला दारातच उभे केले. पोटासाठी तो इतरांच्या ऑपेरांची वाद्यरूपांतरे करी, नियतकालिकांत लेख लिही. याच विपन्नावस्थेत नोव्हेंबर १८४० मध्ये ‘रिएन्झी’ पूर्ण झाली. साज पॅरिसचा, शब्द जर्मन. आणि ते शब्दही वाग्नरचेच.

६/ येथे मायरबेअर मदतीस धावला. १८४१ मध्ये त्याने ड्रेस्डेनच्या रंगगृहाचे प्रमुख लुटिखाउ यांना पत्र लिहून या अनोळखी तरुणाची शिफारस केली. कृती स्वीकारली गेली.

७/ गॉटफ्रीड झेम्परने उभारलेले ते ऑपेरागृह १८४१ मध्येच खुले झाले होते. संचालन रायसिगरचे. शीर्षक भूमिकेत योझेफ तिखाचेक, तर तरुण सरदारपुत्र आद्रियानोच्या पुरुषभूमिकेत विल्हेल्मिने श्रोडर-देव्रियां ही विख्यात गायिका. शेवटी जळते कॅपिटॉल नायकावर कोसळते.

८/ प्रयोग लांबत गेला तसा वाग्नरचा जीव टांगणीला लागला. प्रेक्षकांना वेळ कळू नये म्हणून त्याने रंगमंचावरचे घड्याळच थांबवले, अशी आख्यायिका आहे. दुसऱ्या दिवशी तो काटछाट करायला निघाला, तेव्हा तिखाचेकनेच विरोध केला. पुढे ही कृती दोन संध्याकाळींत विभागून करण्याचाही प्रयत्न झाला.

९/ यश निर्विवाद होते. फेब्रुवारी १८४३ मध्ये वाग्नर ड्रेस्डेनच्या दरबाराचा संगीतप्रमुख झाला. पण मे १८४९ च्या उठावात तो आणि झेम्पर दोघेही सामील झाले, आणि दोघांनाही परागंदा व्हावे लागले.

१०/ हद्दपारीत, १८५० मध्ये, वाग्नरने टोपणनावाने एक लेख प्रसिद्ध केला : ज्यू संगीतकारांना अस्सल निर्मिती साधूच शकत नाही, असे सांगणारा. मायरबेअरचे नाव त्यात नव्हते. रोख मात्र स्पष्ट होता. १८६९ मध्ये तोच मजकूर त्याने विस्तारून स्वतःच्या नावाने छापला. मायरबेअर तेव्हा हयात नव्हता. योगायोग असा, की त्याच वर्षी झेम्परचे ते ऑपेरागृह आगीत भस्मसात झाले.

११/ ‘रिएन्झी’ची शैलीही वाग्नरने मागे टाकली, बायरॉइटच्या परंपरेत तिला दीर्घकाळ स्थान मिळाले नाही. विसाव्या शतकात तिचे पूर्वसंगीत नाझी मेळाव्यांत वाजले. मूळ हस्तलिखित हिटलरच्या ताब्यात गेले आणि महायुद्धाच्या अखेरीस नाहीसे झाले.

१२/ कलाकृती थोर असली म्हणजे कलावंत थोर ठरत नाही, हे खरेच. पण इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो : वाग्नरच्या कीर्तीचे पहिले दार ज्याने उघडले, त्यालाच त्याने पुढे परका ठरवले. म्हणून ‘रिएन्झी’ ऐकताना तिखाचेकच्या कंठाइतकेच मायरबेअरचे ते पत्रही स्मरावे.