साहित्याची पायवाट : पोंभुर्ल्यापासून बांद्यापर्यंत

इंग्लंडांत उन्हाळा आला म्हणजे पाठीवर पडशी, हातांत काठी आणि खिशांत एखादें कवितेचें पुस्तक घेऊन पायीं हिंडणारी मंडळी खेड्यापाड्यांतून दिसूं लागतात. त्यांच्यापुढें एक माहीतगार वाटाड्या चालत असतो. ओढ्याकाठीं एखाद्या शिळेपाशीं तो थांबतो, येथें अमुक कवि बसत असे म्हणून सांगतो, चार ओळी वाचून दाखवितो, आणि मंडळी पुढें निघतात. ग्रासमीअर येथील ज्या लहानशा घरांत वर्डस्वर्थ १७९९ पासून १८०८ पर्यंत राहिला, तें घर १८९१ पासून लोकांस पाहावयास खुलें आहे. ब्राँटे भगिनींचें हॉवर्थ येथील घर १९२८ सालीं संग्रहालय झालें. खेड्यांतील पायवाटांची नोंद ठेवून त्या सर्वांस मोकळ्या राहाव्या, एवढ्यासाठीं १९४९ सालीं त्या देशानें कायदाही केला.

या खटाटोपास केवळ हौस म्हणून चालणार नाहीं. वर्डस्वर्थची कविता चालतां चालतां जुळत असे. तो जन्मांत पावणेदोन लक्ष मैलांहून अधिक चालला असावा, असा हिशोब डी क्विन्सी यानें मांडिला आहे. १८०२ च्या एप्रिलांत सरोवराकांठीं फिरतांना त्यानें व त्याच्या बहिणीनें पिवळ्या फुलांचा ताटवा पाहिला. बहिणीनें तो आपल्या दैनंदिनींत टिपून ठेविला, आणि भावाची त्यावरील कविता १८०७ सालीं छापून आली. जी कविता पावलांनीं घडली ती समजून घेण्यास वाचकानेंही थोडें चालावें, हें म्हणणें रास्तच आहे.

असलें कांहीं ऐकलें कीं आमच्यांतील कित्येकांस ही कल्पना सर्वस्वी विलायती वाटते. परंतु वस्तुस्थिति तशी नाहीं. महानुभाव पंथांत ‘लीळाचरित्र’ झालें, आणि त्यामागोमाग चौदाव्या शतकांत ‘स्थानपोथी’ नांवाचा ग्रंथ तयार झाला. चक्रधरस्वामी कोणकोणत्या गांवीं गेले, तेथें कोणत्या देवळांत उतरले, तें देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या डाव्या हातास काय व उजव्या हातास काय, याची त्यांत बारकाईनें नोंद आहे. एक ग्रंथ वाचावयाचा आणि दुसरा हातीं धरून त्यांतील स्थळें पायांनीं गांठावयाचीं, ही रीत ग्रासमीअरचें घर बांधलें जाण्यापूर्वीं कित्येक शतकें मराठींत रूढ होती. पंढरीच्या वारीविषयीं तर निराळें सांगावयास नको. शेंकडों वर्षांपूर्वींचे शब्द लाखों माणसें वाटचाल करितांना मुखानें म्हणतात, असा साहित्याचा प्रवास अन्यत्र क्वचितच असेल. आमचें उणें आहे तें वेगळ्या ठिकाणीं. संतांच्या वाटा आम्ही राखिल्या. अर्वाचीन लेखकांच्या मात्र आम्हीं फारशा आंखिल्याच नाहींत.

अशी एखादी वाट आंखावयाची झाल्यास ती मालवणच्या किनाऱ्यानें आंखावी, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. १ मे १९८१ रोजीं रत्नागिरीपासून वेगळा झालेला हा सिंधुदुर्ग जिल्हा विस्तारानें लहान आहे. पण त्याच्या भूमींत मराठी गद्याचीं आणि पद्याचीं जितकीं मुळें सांपडतात तितकीं मोठमोठ्या जिल्ह्यांतही सांपडत नाहींत. उत्तरेकडून निघावें व दक्षिणेस उतरावें. देवगड, आचरें, कालावल, कर्ली, मोचेमाड अशा खाड्या एकामागून एक आडव्या येतात. पूल झाले नव्हते तेव्हां प्रत्येक खाडीवर तरीची वाट पाहात बसावें लागे, आणि त्यामुळेंच दोन कोसांवरचा गांव परगांव वाटे.

आरंभ देवगड तालुक्यांतील पोंभुर्ल्यापासून करावा. बाळशास्त्री जांभेकर यांचा जन्म येथें १८१२ च्या सुमारास झाला. ६ जानेवारी १८३२ रोजीं त्यांनीं मुंबईंत ‘दर्पण’ पत्र काढिलें. त्यांत मराठी व इंग्रजी मजकूर शेजारीं शेजारीं छापिलेला असे. १८४५ सालीं त्यांनींच ‘ज्ञानेश्वरी’ शिळाछापावर छापून काढिली. तोंपर्यंत हातानें नकलून घेतलेल्या पोथ्यांतून जगलेला तो ग्रंथ त्या दिवसापासून छापील पुस्तक झाला. पुढच्याच वर्षीं, वयाची पस्तिशीही न गांठतां, बाळशास्त्री वारले. गांवांत त्यांचें स्मारक आहे. त्याच तालुक्यांत धालवली येथें २३ ऑगस्ट १९१८ रोजीं विंदा करंदीकर जन्मले. ॲरिस्टॉटलचें काव्यशास्त्र, ‘फाउस्ट’ आणि ‘राजा लिअर’ मराठींत आणणारा, आणि ‘अमृतानुभवा’स आजच्या भाषेचा पेहराव देणारा हा कवि. एका तालुक्यानें ज्ञानेश्वरांचा एक ग्रंथ छापणारा दिला आणि दुसरा ग्रंथ नव्यानें बोलविणाराही दिला, हा योगायोगच खरा. पण वाटाड्यानें तो सांगितल्यावांचून पुढें जाऊं नये.

मालवणास येतांच दृष्टि समुद्राकडे वळते. कुरटें बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं शिवाजीमहाराजांनीं सिंधुदुर्गाच्या पायाचा दगड बसविला, आणि महाराजांचें जें देऊळ राजारामांनीं किल्ल्यांत बांधविलें तेथें अद्यापि पूजा चालते. या किल्ल्याच्या समोरील गांवांत ६ जुलै १८३७ रोजीं रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म झाला. येथें एक गोष्ट मनांत भरते. लहानपणीं ज्याच्या डोळ्यांसमोर शिवाजीचा किल्ला होता, त्यानें दक्षिणेचा इतिहास लिहिला तो मात्र मुसलमानी स्वारीपर्यंतचा. १८८४ च्या त्या ग्रंथांत सातवाहन आहेत, चालुक्य आहेत, राष्ट्रकूट आहेत, यादव आहेत, शिवाजी नाहीं. बखरींच्या प्रदेशांत जन्मून ताम्रपटांच्या आणि शिलालेखांच्या मार्गानें जाण्यास जो मनाचा निग्रह लागतो, त्याचें मोल या धक्क्यावर उभें राहिलें असतां अधिक कळतें.

कर्लीची खाडी ओलांडली कीं वालावल, कुडाळ, वेंगुर्लें हा दशावताराचा मुलूख लागतो. कार्तिकापासून जत्रा सुरू होत, आणि वालावल, मोचेमाड, आजगांव अशा गांवांचीं दशावतारी मंडळें सामानाची पेटी डोकीवर घेऊन रात्रीच्या नाटकासाठीं एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेस पायीं जात. त्यांजवळ लिहिलेली संहिता नसे. कथा पुराणांतली, संवाद त्या रात्रीं सुचतील ते, आणि देवास वाहिलेला खेळ पहांटेपर्यंत. साहित्याच्या इतिहासांत ज्याची पानें नाहींत असें हें साहित्य आहे, आणि तें अक्षरशः पायांवर चालत आलें. १९८० सालीं गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ नाटकानें मालवणी बोली मुंबईच्या रंगभूमीवर गाजविली. मच्छिंद्र कांबळी त्यांत होते. त्या यशामागें या जत्रांची पूर्वपीठिका आहे, हें विसरूं नये.

चिंतामण त्र्यंबक खानोलकर ऊर्फ आरती प्रभु यांचा जन्म ८ मार्च १९३० रोजीं वेंगुर्ल्यानजीक बागलांची राई येथें झाला. कुडाळास त्यांची खानावळ होती. गल्ल्यावर बसून हिशोब लिहावा आणि त्याच कागदाच्या मागें कविता उतरावी, असा त्यांचा दिनक्रम कल्पिल्यास तो वास्तवापासून फार दूर नसावा. १९५९ सालीं त्यांचा ‘जोगवा’ प्रसिद्ध झाला, आणि त्याच सुमारास त्यांनीं मुंबई गांठली. ‘रात्र काळी घागर काळी’ १९६२ ची, ‘कोंडुरा’ १९६६ ची. समुद्र जेथें खडकांत शिरून गर्जतो तें कोंडुरा हें स्थळ वेंगुर्ल्याच्या उत्तरेस प्रत्यक्ष आहे, आणि कादंबरी वाचून तेथें उभा राहणारा मनुष्य लाटेचा आवाज निराळ्या कानांनीं ऐकतो. वेंगुर्ल्यासच, खानोलकरांच्या अगोदर एक वर्ष, १० मार्च १९२९ रोजीं मंगेश पाडगांवकर जन्मले. एकाच भूमीनें बारा महिन्यांच्या अंतरानें एक भयाचा कवि व एक आनंदाचा कवि द्यावा, याचा उलगडा कोणत्याही भूगोलानें होण्यासारखा नाहीं. भूमीवरून कवि सिद्ध करूं पाहणारांनीं वेंगुर्ल्यास अवश्य यावें व थोडें नम्र होऊन परत जावें.

पुढें आरवली. येथील वेतोबास केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा वाहण्याची चाल आहे. देव रात्रीं गांवची राखण करीत फिरतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात, अशी भाविकांची समजूत. पायीं निघालेल्या प्रवाशास याहून योग्य दैवत कोणतें मिळणार? या गांवांत वाढलेले जयवंत दळवी यांनीं १९६४ सालीं ‘सारे प्रवासी घडीचे’ लिहून गांवकऱ्यांच्या खोड्या, भांडणें, दारिद्र्य आणि माया यांस मराठींत कायमचें घर दिलें.

आरवलीला लागूनच शिरोडें. विष्णु सखाराम खांडेकर सांगलीचे; १९२० सालीं ते येथील लहानशा इंग्रजी शाळेंत शिक्षक होऊन आले आणि १९३८ पर्यंत राहिले. ‘हृदयाची हाक’, ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ हीं पुस्तकें या अठरा वर्षांतलीं. १९३० च्या मे महिन्यांत येथील मिठागरांवर सत्याग्रह झाला. धर्मानंद कोसंबी यांच्यासारखे पंडित त्यांत उतरले. दारिद्र्य, त्याग आणि ध्येयवाद हे खांडेकरांचे विषय पुढें पुष्कळांस पुस्तकी वाटूं लागले. परंतु मिठागरांच्या बांधावर उभें राहिल्यावर ते विषय त्यांनीं कोठून उचलले हें दिसतें, आणि टीका करणारा क्षणभर थांबतो. १९७४ सालचें ज्ञानपीठ पारितोषिक खांडेकरांस आणि २००३ सालचें करंदीकरांस मिळालें. मराठीच्या या मानांत या किनाऱ्याचा वाटा असा दुहेरी आहे.

शिरोड्याहून रेडीवरून तेरेखोलीच्या काठानें आंत वळलें कीं बांदें लागतें. सोहिरोबानाथ आंबिये १७१४ सालीं येथें जन्मले. सावंतवाडी संस्थानांत कुळकर्णाचें काम करणाऱ्या या गृहस्थानें पुढें दप्तर सोडून योगमार्ग धरिला आणि तो उत्तर हिंदुस्थानांत गेला; उज्जयिनीशीं त्याचें नांव कायमचें जोडलें गेलें. त्याचीं पदें गोव्यांतील आणि सावंतवाडीकडील भजनांतून अजून गाइलीं जातात. बांद्यास आपली वाट संपते.

आतां मागें वळून पाहिलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते. सोहिरोबा उत्तरेस गेले. जांभेकर मुंबईस गेले, भांडारकर मुंबईस व मग पुण्यास. करंदीकर, पाडगांवकर, खानोलकर, दळवी हे सारे मुंबईचे झाले. वर्डस्वर्थ ज्या डोंगराळ प्रांतांत जन्मला तेथेंच परतून राहिला व तेथेंच पुरला गेला. आमच्या वाटेवरील जवळजवळ प्रत्येक घर मात्र सोडलेलें घर आहे. याचें कारण रसिकतेंत शोधूं नये. तें जमिनींत आहे. डोंगर आणि समुद्र यांमधली चिंचोळी पट्टी, पावसावरचें भाताचें पीक, उच्च शिक्षणाची वाण, आणि देवगड, मालवण, वेंगुर्लें येथें लागणारी मुंबईची आगबोट. गिरण्यांकडे आणि कचेऱ्यांकडे जे लोक गेले त्यांच्याच बरोबर लेखकही गेले. म्हणूनच कोंकणाचें उत्तम साहित्य बहुतांशीं मुंबईच्या खोलींत बसून, आठवणीनें लिहिलेलें आहे. ‘कोंडुरा’ तसें आहे, ‘सारे प्रवासी घडीचे’ही तसेंच. त्यांतील माडांची सळसळ दूर गेलेल्याच्या कानांनीं ऐकिलेली आहे, आणि तिच्यांतील हुरहुर त्या अंतरांतून आली आहे. उलट आलेला मोठा लेखक एकच, तो खांडेकर. आणि अठरा वर्षांनीं त्यांसही जावें लागलें.

म्हणून या किनाऱ्यावरील वाटाड्यानें इंग्रज वाटाड्याची नक्कल करूं नये. जन्मघरें दाखवीत हिंडल्यानें येथला इतिहास कळणार नाहीं. पुष्कळ घरांस कुलूप असतें व कांहींचा चौथाराच उरला आहे. त्यानें मंडळीस धक्क्यावर न्यावें. जेथें आई पदर डोळ्यांस लावून उभी राहात असे आणि पोरगा पडावांतून आगबोटीकडे जात असे, ती जागा दाखवावी, आणि तेथें दळवींचें एखादें प्रकरण वाचावें. आगबोटी आतां राहिल्या नाहींत. १९९८ पासून कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धांवूं लागली. गणपतीस गाड्या भरून येतात आणि विसर्जनानंतर भरून परत जातात. जाणें थांबलेलें नाहीं, त्याचें वाहन तेवढें बदललें.

दुसरी चिंता वाटांची. गडग्यांमधून जाणाऱ्या पाणंदी, शाळेस जाण्याच्या आडवाटा, देवळामागच्या पायऱ्या या सर्व वापरांतून जात आहेत. पावलें थांबलीं कीं चार पावसाळ्यांत झुडपें वाट गिळतात. पुस्तकांचेंही तसेंच आहे. ‘दोन ध्रुव’ किंवा ‘जोगवा’ घरांतल्या कपाटांत आहे एवढ्यानें तें वाचलें जातें असें नव्हे. दोन्हींवर उपाय एकच, आणि तो फार खर्चाचाही नाहीं. पावसाळा सरला, भात घरांत आला आणि जत्रा सुरू झाल्या म्हणजे शिक्षकांनीं आपापल्या शाळेंतील वीसपंचवीस मुलें घेऊन एकच मजल चालावी. देवगडकडील मुलांनीं पोंभुर्ल्यास जावें, वेंगुर्ल्याकडील मुलांनीं आरवलीवरून शिरोड्यास. बरोबर शिदोरी असावी व एक पुस्तक असावें, आणि वाटेंत तें पुस्तक मुलांपैकींच कोणी मोठ्यानें वाचावें. त्या मुलांपैकीं बरींच पुढें मुंबईस जातील, हें उघड आहे. जातांना त्यांस आपल्या गांवची एक वाट तरी पायांनीं ठाऊक असावी, इतकीच अपेक्षा आहे.