पांढरीतले मणी, भट्टीतली काच

महाराष्ट्रात शिरूर एकच नाही. पुणे जिल्ह्यात घोडनदीचं शिरूर आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे, आणि बीड जिल्ह्यात सिंदफणेच्या काठी शिरूर कासार. भांडी आणि बांगड्या हा कासारांचा पिढीजात धंदा. मराठवाड्यात मात्र कासार म्हटलं की आधी बांगड्या आठवतात. लग्नाचा हिरवा चुडा असो नाहीतर डोहाळजेवण, हाताचा पंजा दाबत, बोटं जुळवत, काच न तडकू देता बांगडी मनगटापर्यंत नेणारे हात कासाराचे किंवा कासारणीचे. काचेशी इतकी जवळीक असूनही ती जपून ठेवायची वस्तू मानली गेली नाही. बांगडी फुटली की तुकडे उकिरड्यावर, आणि तिथून मातीत.

मातीनं मात्र ती जपली. शिरूर कासारच्या उत्तरेला गोदाकाठचं पैठण, आग्नेयेला तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात दोन्ही गावं बाजारपेठा म्हणून येतात. त्यांचा माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई. त्याच भडोचला परदेशातून उतरणाऱ्या मालाच्या यादीत द्राक्षमद्य, तांबं, कथील यांच्यासोबत कच्ची काचही आहे. नळीच्या टोकाला वितळलेला गोळा घेऊन फुंकरीनं भांडं घडवण्याची युक्ती तिकडे, भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, त्याच्या शंभरेक वर्षं आधी निघाली होती. दख्खनच्या उत्खननांत मात्र फुंकलेल्या भांड्यांपेक्षा मणी आणि बांगड्याच भरपूर मिळतात. 1945-46 मध्ये कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ह. धी. सांकलिया आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी खोदकाम केलं, 1954 ते 1956 या काळात नेवाशाला झालं; दोन्हीकडे वरच्या, मध्ययुगीन थरांत काचेच्या रंगीत बांगड्यांचे तुकडे निघाले. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेचा इतिहास इंग्रजीत लिहिला. 1969 साली मुंबई विद्यापीठानं तो छापला, आणि या विषयाकडे वळणाऱ्याला आजही तिथूनच सुरुवात करावी लागते.

काच गोळा करण्याच्या छंदाचे दोन नमुने या मुलुखाच्या वाट्याला आले. बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे काही काळ दिवाण असलेले मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, यांनी जगभरातून कलावस्तू जमवल्या. 1949 मध्ये ते वारले आणि 1951 मध्ये हैदराबादेत त्यांच्या नावाचं संग्रहालय उघडलं. व्हेनिसची, बोहेमियाची, इंग्लंड-आयर्लंडची काच तिथे दालनं भरून आहे. कारागिरी थक्क करणारी आहे, यात शंकाच नाही.

दुसरा नमुना तेरचा. जुन्या वस्तीची टेकाडं, म्हणजे पांढर, तिथे गावाला लागूनच आहे. पाऊस पडून गेला की माती धुपते आणि मणी, नाणी, मृण्मूर्ती उघड्या पडतात. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच रहिवाशानं अशा वस्तू हजारोंनी जमवल्या. त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात आज त्या आहेत. पाहुणे धावतात ते पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी नातं सांगणाऱ्या हस्तिदंती बाहुलीकडे. थांबावं मात्र मण्यांच्या कपाटापाशीही. सालारजंगांनी जमवलेली काच पेढ्यांमधून, लिलावांमधून आली, लामतुऱ्यांची पायाखालून. मोलाची बरोबरी होणार नाही, पण स्वतःच्या गावाचा पुरावा ओळखणारी नजर या दुसऱ्या संग्रहात आहे, आणि ती जास्त दुर्मीळ.

तीच नजर आज हाताने फुंकलेल्या मराठी काचेला हवी आहे. ही काच फार जुनी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा मागत पैसाफंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि त्या पैशांतून 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला होते. माल काढणं हा तिथला अर्धाच उद्देश. देशाला काचेचे कारागीर मिळावेत हा उरलेला अर्धा. पुढे 1916 मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत कारखाना काढला. त्याभोवती ओगलेवाडी वसली आणि वडिलांच्या नावाचा ‘प्रभाकर’ कंदील देशभर गेला.

कंदिलाची काच फुंकणं हे दमाचं काम. वाळू, सोडा आणि चुना यांचा रस भट्टीत चौदाशे अंशांच्या पुढे तापतो. पोकळ नळीच्या टोकाला त्याचा नेमका तेवढाच गोळा उचलायचा, नळी सतत फिरवत ठेवायची, मग साच्यात सोडून फुंकायचं. फुंकर कमी पडली तर भिंत जाड, जास्त झाली तर कागदासारखी. शेवटी ती हळूहळू निववावी लागते, नाहीतर आत राहिलेला ताण पहिल्याच ज्योतीला तिला तडकवतो.

अमेरिकेत 1962 साली हार्वे लिटलटन आणि डॉमिनिक लॅबिनो यांनी टोलेडोच्या कलासंग्रहालयात छोट्या भट्टीचे प्रयोग केले आणि काच कारखान्यातून कलावंताच्या खोलीत आली. आज जगभर जी काचशिल्पं जमवली जातात त्यांची वाट तिथून फुटली. संग्राहक तळाचा व्रण बघतो, जिथून नळी किंवा दांडा तोडला ती खूण. तो बुडबुडे बघतो, भिंतीची जाडी चाचपतो, सही शोधतो. कंदिलाच्या काचेवर फुंकणाऱ्याची सही नसते. पण अडकलेला बुडबुडा असतो, एका अंगाला किंचित जाड राहिलेली भिंत असते, आणि तेवढ्यावरून हात ओळखता येतो.

वीज येण्याआधी मराठवाड्यातल्या घरोघरी संध्याकाळी राखेनं घासल्या जाणाऱ्या या काचा आता माळ्यांवर आहेत. कुणी त्या जमवायला घेतल्याच, तर प्रत्येकीसोबत चिठ्ठी हवी: कोणतं गाव, कोणतं घर, कंदिलावर कोणता छाप. आणि घाई करायला हवी, कारण भंगारवाला कंदील पत्र्याच्या भावानं नेतो. काच तो दारातच काढून टाकतो.