दोन आकड्या, दोन्ही गहाळ

जुन्या युरोपीय ग्रंथांच्या वर्णनात्मक सूची चाळताना एका प्रकारची नोंद पुनःपुन्हा भेटते : लाकडी फळ्यांची बांधणी, वर चामडे, दोन आकड्या, दोन्ही गहाळ. सूचीकार पुढच्या ग्रंथाकडे वळतो आणि आपणही वळतो. साहित्याच्या अभ्यासकाला संहिता हवी असते, आणि आकडी हे काही संहितेचे अंग नव्हे. तथापि उत्तर मध्ययुगात मोठा ग्रंथ मिटण्याची क्रिया बहुधा या पितळी तुकड्यावाचून पुरी होत नसे. तो तुकडा घडवणाऱ्यांचा धंदा आज लयाला गेला आहे.

मुळात आकडीची गरज निर्माण केली ती चर्मपत्राने. वासराचे, मेंढीचे किंवा बकरीचे कातडे चौकटीवर ताणून, खरवडून, वाळवून पान तयार होई. पण ते पान आपले कातडेपण विसरत नसे. हवेतला ओलावा शोषून ते फुगे, वाकडे होई, सुरकुत्या धरी. दगडी मठातल्या दमट थंडीत अशी दोन-तीनशे पाने एकदम फुगू लागली की ग्रंथ आपला आपण उघडू पाही. म्हणून दोन्ही बाजूंना ओक किंवा बीच लाकडाच्या फळ्या, आणि त्या फळ्या आवळून धरणाऱ्या आकड्या. नक्षी हा नंतरचा हौसेचा भाग.

घडण वरवर साधी दिसते. एका फळीच्या कडेला चामड्याचा पट्टा खिळ्यांनी पक्का केलेला, त्याच्या टोकाला पितळी पत्र्याची आकडी, आणि दुसऱ्या फळीवर ती अडकवण्यासाठी धातूची पट्टी. पट्ट्याची लांबी मात्र त्या त्या ग्रंथाच्या जाडीवरून बेतावी लागे. सैल पडला तर दाब नाही. फार घट्ट झाला तर रोजच्या ओढाताणीत तुटणार. जर्मन भाषेत हा माल घडवणाऱ्याला ‘क्लाउझूरमाखर’ म्हणत. ‘क्लाउझूर’ म्हणजे बंद करणारी वस्तू. मठातल्या बाहेरच्यांना मज्जाव असलेल्या भागालाही हाच शब्द आहे, हा योगायोग मला मोठा सूचक वाटतो. पंधराव्या शतकातील जर्मन आकड्यांवर गॉथिक वळणाच्या अक्षरांत मरियेचे नाव ठोकलेले आढळते. वाचक ग्रंथ उघडण्यापूर्वीच एक शब्द वाचून मोकळा होई, आणि तो शब्द लेखकाचा नसे, लेखनिकाचाही नसे. १५६८ साली फ्रांकफुर्टला छापल्या गेलेल्या, योस्ट आमानची चित्रे आणि हान्स झाक्सची पद्ये असलेल्या व्यवसायांच्या पुस्तकात ग्रंथ बांधणारा आपल्या कामांत आकड्या बसवण्याचाही उल्लेख करतो.

आकडीशी वाचकाने कसे वागावे याचेही शास्त्र होते. डरहॅमचा बिशप रिचर्ड द ब्यूरी याने १३४५ मध्ये पूर्ण केलेल्या ‘फिलोबिब्लॉन’ या लॅटिन ग्रंथात, पुस्तकाच्या आकड्या घाईने सोडू नयेत आणि वाचून झाल्यावर ते नीट मिटल्याखेरीज ठेवू नये, असे बजावले आहे. खूण म्हणून पानापानांत गवताच्या काड्या घालणारा आणि त्यामुळे पुस्तक मिटूच न देणारा विद्यार्थी त्याने असा काही रंगवला आहे की आजच्या कोणत्याही ग्रंथपालाला तो ओळखीचा वाटेल. बिशपचा त्रागा केवळ टापटिपीसाठी नव्हता. न मिटलेला ग्रंथ म्हणजे फुगून नासणारा ग्रंथ, हे त्याला पक्के ठाऊक होते.

आकडीवर पहिला घाला पडला तो तिच्या धातूमुळे. साधी पितळी आकडी कोणाच्या डोळ्यांवर येत नसे, पण श्रीमंत ग्रंथांचा साज चांदीसोन्याचा असे. इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेच्या लाटेत १५५१ साली प्रिव्ही कौन्सिलने वेस्टमिन्स्टर येथील राजग्रंथालयातून ‘अंधश्रद्धेचे’ ग्रंथ काढून टाकण्याचा हुकूम दिला, आणि त्याच हुकुमात त्या ग्रंथांवरचा सोन्याचांदीचा साज सर अँथनी ऑचर यांच्या हवाली करण्यास सांगितले. मजकूर त्याज्य, साज मात्र ग्राह्य!

पण धंदा बुडाला तो या लुटीने नव्हे. चर्मपत्राची जागा कागदाने घेतली, आणि कागदाला दाबून धरण्याची तेवढी गरज नव्हती. सोळाव्या शतकात फळ्यांच्या जागी पुठ्ठे रूढ होत गेले. पातळ पुठ्ठ्यात खिळा धरत नाही. व्हेनिसच्या आल्दुस मानुत्सिउसने १५०१ मध्ये व्हर्जिल हातात मावेल अशा आकारात छापला. अशा पुस्तकाला कापडी फीतही पुरे. मग ग्रंथ ठेवण्याची रीत बदलली. उतरत्या मेजावर आडवा पडणाऱ्या ग्रंथाचे चामडे घासू नये म्हणून फळ्यांवर पितळी घुंड्या ठोकलेल्या असत. तोच ग्रंथ फडताळात उभा राहिला की त्या घुंड्या शेजाऱ्याला ओरबाडू लागल्या. एकेकाळचे संरक्षण उपद्रव ठरले. प्रार्थनापुस्तके आणि मोठी बायबले यांवर आकड्या पुढेही टिकल्या. एकोणिसाव्या शतकात तर छायाचित्रांच्या आल्बमांवर त्या पुन्हा दिमाखाने आल्या, पण यंत्रावर ठोकलेल्या, एकसारख्या. जीर्णोद्धारासाठी आज कोणी जुन्या घाटाची आकडी हाताने घडवतो, तेव्हा ते धंदा म्हणून नसते.

शब्दांत मात्र ही कृती रेंगाळली आहे. जर्मनमध्ये पुस्तक उघडणे यासाठी जो शब्द आहे त्यात ‘ठोकणे’ हा अर्थ आहे. फळीवर थाप मारली की आकडी सुटे, म्हणून हा शब्द, असे सांगतात. व्युत्पत्ती लोकप्रिय आहे, तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. आपल्याकडे धातूची गरजच पडली नाही. ताडपत्रे दोऱ्यात ओवली गेली, पोथीची सुटी पाने दोन फळ्यांमध्ये ठेवून फडक्यात बांधली गेली. ‘ग्रंथ’ या शब्दातच गाठ आहे, आणि नकोसा विषय आपण आजही ‘बासनात गुंडाळतो’.

आकड्या तुटल्या, ग्रंथ नव्याने बांधले गेले, जुन्या फळ्याही अनेकदा फेकल्या गेल्या. जिथे फळ्या उरल्या तिथे कडेला खिळ्यांची भोके दिसतात. सर्वसाधारणपणे जर्मन आणि डच बांधणीत आकडी अडकवण्याची पट्टी वरच्या फळीवर असे, तर इंग्रजी व फ्रेंच बांधणीत खालच्या. लॅटिन मजकूर तोच असला तरी तो ग्रंथ कोणत्या मुलखात बांधला गेला याचा अंदाज ही भोके देतात. संगणकावर केवळ पानांची छायाचित्रे चढवली जातात तेव्हा ती भोके दिसत नाहीत. पट्टी जिथे बसत असे तिथला चामड्यावरचा हिरवट डागही दिसत नाही.