चांदवडचा रुपया कोणाचा?

मी शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. काही वर्षांपूर्वी आठवीच्या एका मुलाने वर्गात चांदीचे एक काळवंडलेले नाणे आणले. त्याच्या नानीच्या पेटीत सापडले होते. "सर, यावर उर्दू लिहिलंय, वाचून दाखवा ना." मी खिडकीपाशी जाऊन नाणे उजेडात धरले. अक्षरे ओळखीची होती, पण शब्द लागेनात. एका कडेला 'शाह' दिसत होते, दुसरीकडे काहीतरी अर्धवट. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे पाहत होता. "उद्या सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली. ते उर्दू नव्हते, फारसी होते, एवढेही मला त्या दिवशी खात्रीने सांगता आले नाही. बी.एड. झालेल्या उर्दूच्या शिक्षकाला ही गोष्ट बोचणारच.

त्या 'उद्या'चे उत्तर शोधत मी नाशिकमधल्या नाणेसंग्राहकांच्या बैठकीला जाऊन पोहोचलो. महिन्यातून एका रविवारी, एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत ही मंडळी जमतात. निवृत्त बँक कर्मचारी, एक-दोन सराफ, कॉलेजची पोरे, एक रिक्षावाले काका. टेबलांवर पारदर्शक पाकिटांत ठेवलेली नाणी, भिंगे, लहान वजनकाटे. शिरताच दोन नियम कळले. नाणे कडेने धरायचे, तोंडावर बोट लावायचे नाही. आणि जुने नाणे चिंच-लिंबाने घासायचे नाही, कारण लख्ख केलेल्या नाण्याचा पृष्ठभाग खरवडला जातो आणि त्याच्याबरोबर अक्षरेही जातात.

मी नाव सांगितले, तसे एक वयस्क सभासद आपुलकीने म्हणाले, "या सर, तुमची नाणी त्या टेबलावर आहेत."

'तुमची' म्हणजे काय, हे टेबलापाशी गेल्यावर कळले. तिथे बहमनी, निजामशाही, आदिलशाही आणि मोगल नाणी होती. खिडकीजवळच्या टेबलावर शिवराया होत्या, ती 'आपली'. काकांच्या मनात काही वाईट नव्हते हे मला आजही ठाऊक आहे. मी हसलो आणि 'माझ्या' टेबलावर जाऊन बसलो. त्या दिवशी ते टेबल मला थोडे आवडलेही, हे कबूल करायला हवे. कुणीतरी मला माझी जागा दाखवली होती आणि तिथे मी जाणकार ठरणार होतो.

दोन-चार बैठकांत वाचनाची रीत उमगली. त्या काळच्या रुपयांवरचा मजकूर ठरावीक असतो. एका बाजूला 'सिक्का मुबारक बादशाह गाजी शाह आलम', दुसऱ्या बाजूला 'सन अमुक जुलूस मैमनत मानूस', आणि 'जर्ब' या शब्दासोबत टांकसाळीचे गाव. जुलूस म्हणजे तख्तावर बसणे. ते कितवे वर्ष चालू आहे, तो आकडा. हिजरी सन दिसला तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे, म्हणजे इसवी सन साधारण कळतो. हिजरी १२०० म्हणजे १७८६ च्या आसपास. ओळी पुष्कळदा खालून वर वाचाव्या लागतात. मी वर्गात अडलो होतो तो इथेच. मी वरून खाली वाचत होतो.

पण खरी अडचण वेगळीच असते. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. कारागीर चकती ठेवून वरून घाव घालायचा, तेव्हा ठशातला जेवढा भाग चकतीवर पडेल तेवढाच उमटायचा. त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच मिळतो. एकावर शहराच्या नावाचे डोके, दुसऱ्यावर शेपूट. घरी एकटा बसून एका नाण्याकडे कितीही पाहिले, तरी चकतीबाहेर राहिलेले अक्षर दिसणार नाही. त्यासाठी दुसऱ्याच्या डबीतले नाणे लागते.

हे मला पटले ते माझ्याच चुकीने. एकदा त्याच काकांनी सात-आठ रुपये माझ्यापुढे ठेवले. म्हणाले, "ही मोगली आहेत. नातू फक्त मराठ्यांची जमवतो. कोणी घेतली तर ठीक, नाहीतर सराफाकडे मोडीत देतो." मी पहिले नाणे उचलले. 'शाह आलम' स्पष्ट होते. मागे 'जर्ब' होते आणि गावाच्या नावाचा शेवट, 'आबाद'. मी भिंग बाजूला ठेवले आणि ठामपणे सांगितले, "औरंगाबाद. मोगलच." माझ्या आवाजात मालकी होती. जणू ते नाणे माझ्या घरचे होते.

शेजारी बसलेला एक कॉलेजचा मुलगा संकोचत म्हणाला, "सर, माझ्याकडे असंच एक आहे, पण त्यावर आणखी काहीतरी आहे." त्याने आपले नाणे शेजारी ठेवले. ठसा तोच, पण चकती जरा सरकलेली. त्यावर 'आबाद'च्या आधीचे 'जाफर' दिसत होते. तिसरे नाणे एका सराफ सभासदाच्या डबीतून आले. त्यावर 'चे', 'अलिफ', 'नून' आणि पुढे 'दोर'. तीन माणसांची तीन नाणी ओळीने ठेवल्यावर मजकूर पूर्ण झाला : जर्ब जाफराबाद उर्फ चांदोर.

चांदोर म्हणजे आपले चांदवड. नाशिकहून मालेगावच्या वाटेवरचे, अहिल्याबाईंच्या रंगमहालाचे, होळकरांचे चांदवड. ज्याला जुन्या कागदांत 'चांदोरी रुपया' म्हणतात, तो हाच. काका ज्याला मोगली म्हणून मोडीत काढत होते आणि मी ज्याला मोगली म्हणून कवटाळत होतो, तो मराठ्यांच्या टांकसाळीतला रुपया होता. खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग रिक्षावाले काका म्हणाले, "म्हणजे दोघांचाही नेम चुकला!" आणि सगळे हसले. सर्वांत मोठ्याने ते वयस्क काकाच हसले.

घरी येताना प्रश्न डोक्यात घोळत होता. मराठ्यांच्या रुपयावर दिल्लीच्या बादशहाचे नाव का? आणि तेही कोणत्या बादशहाचे? ज्याची सल्तनत दिल्लीपासून पालमपर्यंत असल्याची लोक थट्टा करत, त्या शाह आलमचे. १७७२ मध्ये त्याला दिल्लीच्या तख्तावर परत नेऊन बसवले ते मराठ्यांनीच. १७८८ मध्ये गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले, तेव्हा दिल्ली सोडवून त्याला पुन्हा गादीवर बसवले ते महादजी शिंद्यांच्या फौजेने. म्हणजे सत्ता ज्यांच्या हाती होती, ते ज्याला सांभाळत होते त्याच्या नावाने रुपया पाडत होते. पुण्याच्या अंकुशी रुपयावर अंकुशाची खूण आहे, मजकूर मात्र फारसी आणि नाव मोगल बादशहाचे. आपल्या नाशिकच्या टांकसाळीचे नाव रुपयावर 'गुलशनाबाद' म्हणून येते.

याला कोणी लाचारी म्हणेल, कोणी भाईचारा. माझ्या मते दोन्ही घाईचे निष्कर्ष आहेत. उत्तर सराफाच्या पेढीवर सापडते. तेव्हा रुपया म्हणजे मुळात ठरावीक वजनाची, ठरावीक कसाची चांदी. ती खरी आहे हे ओळखायचे कशावरून? ओळखीच्या ठशावरून. अनोळखी ठसा, झिजलेला किंवा जुन्या सालचा रुपया आला की सराफ त्यातून वटाव कापायचा. त्यालाच बट्टा म्हणत. आपण आजही 'नावाला बट्टा लागला' म्हणतो, ते या पेढीवरून आले. सुरत, औरंगाबाद, दिल्ली अशा लांबच्या बाजारांत चालायचा तर रुपया लोकांच्या सवयीचा असायला हवा. सवय फारसी ठशाची होती, म्हणून ठसा फारसी राहिला.

इंग्रजांनीही तेच केले. कंपनीच्या सुरती रुपयावर शाह आलमच्या जुलूसचे ४६ वे वर्ष कायमचे गोठवलेले आहे. १८०६ मध्ये शाह आलम वारला, तरी पुढे कित्येक वर्षे कंपनी त्याच्याच नावाने रुपये पाडत राहिली. वर्ष बदलले नाही की जुन्या सालचा म्हणून बट्टा कापायला सराफाला सबब उरत नाही. अखेर १८३५ मध्ये कंपनीने सगळीकडे एकच रुपया आणला आणि त्यावर विल्यम राजाचा चेहरा आला. आता दिल्लीच्या नावाची तिला गरज नव्हती.

मग शिवराई? तिचा मुद्दा वेगळा आहे आणि तो सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. स्वतःच्या नावाचे नाणे पाडणे ही सार्वभौम राजाची खूण. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई काढली, त्यांवर नागरीत एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपती'. ती स्पष्ट घोषणा होती. ही शिवराई पुढे पेशवाईतही पाडली जात राहिली आणि पेशवाई बुडाल्यावरही एकोणिसाव्या शतकात खेड्यापाड्यांच्या बाजारात चालत होती. म्हणजे १७९० च्या सुमाराला चांदवडच्या बाजारात आलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या कशात नागरी अक्षरांचा तांब्याचा पैसा आणि फारसी अक्षरांचा चांदीचा रुपया एकत्र असणार. मीठ-मिरची एकाने घ्यायची, सारा दुसऱ्याने भरायचा. आमच्या खोलीतली दोन टेबले त्याच्या कशात नव्हती.

आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांची एक सवय मला या बैठकीने सोडायला लावली. सलोखा सांगायचा झाला की आपण अकबराचे 'राम-सीय' नाणे पुढे करतो. नाणे अस्सल आहे, १६०४-०५ च्या सुमाराचे, वर नागरी अक्षरे आहेत. पण ते इतके दुर्मीळ आहे की त्यावरून बाजार कसा चालायचा हे कळत नाही. बादशहाच्या मनात काय होते, एवढेच कदाचित कळेल. टाळ्या त्याला मिळतात. चांदोरी रुपयाला टाळ्या मिळत नाहीत, पण तो हजारो हातांतून गेलेला आहे. साक्षीदार म्हणून मला तो जास्त भरवशाचा वाटतो.

भरवशावरून आठवले. बैठकीत एक बरणी ठेवलेली असते, खोट्या नाण्यांची. तिच्यात कंपनी सरकारच्या नावाची, राम-सीता-हनुमानाची चित्रे असलेली 'अठराव्या शतकातली' नाणी आहेत; कंपनीने अशी नाणी कधीच काढली नाहीत. त्याच बरणीत मक्का-मदिनेचे चित्र असलेली 'लाखमोलाची' नाणीही आहेत. दोन्ही प्रकार हल्लीच्या कारखान्यांतले. दोन्हीकडचे श्रद्धाळू लोक ती घेऊन येतात, किंमत विचारतात आणि उतरल्या चेहऱ्याने परत जातात. टेबले वेगळी असली तरी या बरणीत सगळे एकत्र आहेत.

आमच्या जिल्ह्याला नाण्यांचा मोठा वारसा आहे. १९०६ मध्ये जोगलटेंभीला चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची, त्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. ज्याला हरवले त्याची नाणी त्याने वितळवली नाहीत. वर आपली खूण उमटवली आणि बाजारात सोडली. खालचा नहपान आजही दिसतो. तो साठा शाबूत हाती लागला म्हणून हे कळले. गुप्तधन सापडले तर कलेक्टरला कळवावे असा १८७८ चा कायदा आहे, पण पुष्कळदा नाणी थेट मुशीत जातात. चांदीचे पैसे येतात आणि इतिहासाचे पान जाते.

नाणे वाचले तरी ते वाचणारा उरला पाहिजे. गणेश हरी खरे यांच्यासारख्या इतिहासकारांनी मराठ्यांच्या इतिहासासाठी फारसी साधने धुंडाळली. मोगल नाण्यांवर १९२३ मध्ये मोलाचा ग्रंथ लिहिणारे होडीवाला पारशी होते. बहमनी आणि कुतुबशाही नाण्यांच्या सूची करणारे अब्दुल वली खान हैदराबादचे. ज्याला गरज वाटली तो शिकला. आज आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना नाण्यावरची फारसी लागत नाही आणि मराठी शाळेतल्या मुलांना मोडी लागत नाही. दोघेही आपापल्या आजोबांच्या पेटीपुढे अडाणी.

म्हणून आता वर्षातून एकदा मी बैठकीतल्या मंडळींना आमच्या शाळेत बोलावतो. मुले नाणी कडेने धरायला शिकली आहेत. त्या आठवीच्या मुलाचे नाणेही पुढे वाचून झाले. ते सुरती रुपयांतले निघाले. "सर, म्हणजे इंग्रजांचं?" त्याने जरा खट्टू होऊन विचारले. मी म्हटले, "इंग्रजांनी पाडलेलं, बादशहाच्या नावाचं, तुझ्या नानीनं जपलेलं."

काकांनी ते रुपये मोडीत दिले नाहीत. पुढच्या बैठकीला त्यांनी कोरी पाकिटे आणली आणि माझ्यापुढे ठेवली. "सर, तुमचं अक्षर चांगलंय, तुम्हीच लिहा." मी लिहिले : चांदीचा रुपया, टांकसाळ जाफराबाद उर्फ चांदोर, बादशाह शाह आलम दुसरा यांच्या नावे, मराठा. काकांनी चष्मा वर करून वाचले आणि पाकीट कोणत्या टेबलावर ठेवायचे म्हणून दोन्हीकडे पाहिले. मग टेबलेच जोडून घेतली. जागा तशीही अपुरी पडत होती.