साठी, बुद्धी आणि तीस गुण

पाथर्डी तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर, ओसरीत बसलेल्या ऐंशीच्या आजींना विचारून पाहा, "आजी, आज तारीख किती?" "मला काय कळतंय बाबा तारखेतलं," असं म्हणून त्या मोकळ्या होतील. पण एकादशी कधी, बाजार कोणत्या वारी, १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला कुठे जायचो, सुकडी कशी मिळायची, हे त्या न अडखळता सांगतील. मग या आजींच्या स्मरणशक्तीला गुण किती द्यायचे? परीक्षा घेणं हे तुमचं रोजचं काम, म्हणून हा प्रश्न आम्ही तुमच्यापुढे ठेवत आहोत.

म्हातारपणी विसरायला होणारच, 'साठी बुद्धी नाठी', असं आपण म्हणतो. युरोपातल्या डॉक्टरांचंही बरीच वर्षं साधारण हेच मत होतं. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिची स्मृती झपाट्याने जात होती. १९०६ साली ती वारल्यावर आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चेतापेशींच्या मधे कसले तरी थर साचले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. १९१० साली क्रेपेलिन यांनी या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. पण तो पन्नाशी-साठीच्या आतल्यांचा दुर्मिळ आजार समजला गेला. त्यापुढच्यांचं ते 'म्हातारपण'! १९६८ साली न्यूकॅसलच्या ब्लेसेड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांचे मेंदू तपासून तिथेही तेच थर दाखवले, तेव्हा कुठे हा समज हलला.

आजार म्हटला की तो ओळखायला हवा. १९७५ साली अमेरिकेत फोल्स्टाइन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी ३० गुणांची एक चाचणी प्रसिद्ध केली. तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करा, कागदावरचं वाक्य वाचून तसं करा, एक वाक्य लिहा. सुटसुटीत म्हणून ती जगभर गेली. पण आपल्या आजी तिच्यात नापास होणार, आणि तेही मेंदू ठणठणीत असताना! चाचणी शाळा मोजत होती.

हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत मेरी गांगुली, विजय चंद्रा आणि त्यांचे सहकारी काम करत होते. त्यांनी चाचणीच बदलली. तिचं हिंदी रूप १९९५ साली प्रसिद्ध झालं. सकाळ आहे की दुपार? वीसातून तीन-तीन वजा करा. वाचण्याऐवजी 'मी करतो तसं करा' म्हणून डोळे मिटून दाखवायचे. लिहिण्याऐवजी 'तुमच्या घराविषयी काही सांगा'. त्यांना आणखी एक अडचण आली. आपल्याकडे सून घर चालवते, मुलगा व्यवहार पाहतो. म्हाताऱ्यांकडून कामाची अपेक्षाच नसते, त्यामुळे काय जमेनासं झालं ते कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून घरच्यांना विचारण्याची वेगळी प्रश्नावली करावी लागली.

बल्लभगडला ६५च्या पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण १.३६ टक्के आलं, मुंबईत २००१ साली २.४४ टक्के. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मात्र साठीच्या पुढचे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं निघाली. आजार तिपटीने वाढला असं आम्ही म्हणणार नाही. मोजपट्ट्या वेगळ्या होत्या. या पाहणीत खेड्यांतलं प्रमाण शहरांपेक्षा जास्त आणि स्त्रियांचं पुरुषांपेक्षा जास्त दिसलं. शिवाय लहानपणी कमी शिक्षण हा स्मृतिभ्रंशाचा एक जोखीम-घटक मानतात. म्हणजे शाळेशी संबंध नुसता चाचणीपुरता नाही.

मग खेड्यातल्या आजींना विचारणार कोण? अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातच याचा नमुना आहे. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला काम सुरू केलं. गावातल्याच, बहुतेक निरक्षर, बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. प्रकल्पाचा भर बाळंतपण, लसीकरण, कुष्ठरोग यांवर होता. पण घरात ये-जा असलेल्या अशा बाईला जे कळतं ते दवाखान्यातल्या कागदाला कळत नाही. आजी शेतातून परतताना वाट चुकल्या का? आमटीत दोनदा मीठ पडतं का? गेल्या दिवाळीला हे असंच होतं का?

उत्तर 'हो, आणि वाढतंय' असं आलं तर डॉक्टर गाठावा. थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य, एखादं औषध यांनीही विस्मृती होते आणि ती बरीचशी सुधारू शकते. त्याआधी आजींना नीट ऐकू येतं ना, तेवढं मात्र पाहून घ्या.