वाइनचे चढउतार : युरोप ते नाशिक

युरोपातल्या वाइन उत्पादनाची दीडशे वर्षं, असा आजचा विषय आहे. हेंद्रेपाड्यात बसून आपण फ्रान्समधल्या द्राक्षांची चर्चा का करायची, असं काहींना वाटेल. पण तिथे जे घडलं, त्यातलं बरंच काही आपल्या नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्याच्या वाट्याला आलं. वाइनचा इतिहास म्हणजे चवीचा इतिहास, असं आपण समजतो. मला त्यात दुसरंच दिसतं : पीक पडलं किंवा भाव पडला, तर नुकसान कुणाच्या अंगावर येतं?

सुरुवात फ्रान्सपासून करू. 1875 साली तिथे सुमारे 8.4 कोटी हेक्टोलिटर वाइन झाली. एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर. त्याच सुमारास फिलॉक्सेरा नावाची कीड पसरत होती. अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर ती आली आणि मुळं पोखरू लागली. 1889पर्यंत उत्पादन एक-तृतीयांशाच्याही खाली गेलं. उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिथल्या रानवेलींची मुळं ही कीड सोसतात, म्हणून त्या खुंटावर युरोपी वेलीचं कलम करायचं. गंमत बघा, आपल्याकडे नाशिक-सांगलीत द्राक्षाचं कलम ज्या डॉगरिज खुंटावर बांधतात, तोही मूळचा अमेरिकेचाच. इथे तो निवडला गेला मुख्यतः पाण्याचा ताण आणि खारट जमीन सोसतो म्हणून.

कलमांनी बागा वाचल्या, पण मग लागवड बेसुमार वाढली. त्यात फ्रेंच वसाहत असलेल्या अल्जेरियातून स्वस्त वाइन येत होती, आणि साखर घालून केलेली भेसळही होती. दक्षिण फ्रान्समध्ये भाव कोसळले. 1907 साली लाखो लोक रस्त्यावर उतरले, नार्बोनमध्ये सैन्याच्या गोळीबारात माणसं मेली. त्यानंतर सरकारने भेसळीविरुद्ध कायदा केला. म्हणजे आधी पीक नाही म्हणून शेतकरी बुडाला, नंतर पीक जास्त झालं म्हणून बुडाला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिसरी गोष्ट घडली : लोक कमी पिऊ लागले. 1960च्या सुमारास फ्रान्समध्ये दरडोई वर्षाला शंभर लिटरहून जास्त वाइन खपायची. आज त्याच्या निम्मीही खपत नाही. न खपलेल्या वाइनचं काय करायचं? युरोपीय सरकारांनी ती विकत घेऊन तिचं अल्कोहोल केलं, वेली उपटायला अनुदान दिलं. 2023मध्ये साऱ्या जगाचं उत्पादन सुमारे 23.7 कोटी हेक्टोलिटर झालं, तेव्हापर्यंतचं 1961नंतरचं सर्वांत कमी. त्याला मुख्यतः हवामान कारण होतं, पण मागणीही घटतच होती. बोर्डोसारख्या नावाजलेल्या भागातही सरकारी मदतीने हजारो हेक्टर बागा काढायचं ठरलं.

आता आपल्याकडे या. 1980च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी वाइनचा कारखाना काढला. नंतर नाशिकला सुला आली, तिची पहिली वाइन 2000 सालची. पण खरी गती आली ती 2001च्या राज्य सरकारच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने. उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. बघता बघता वायनऱ्या उभ्या राहिल्या, आणि शेतकऱ्यांनी शिराझ, काबर्ने अशा जाती लावल्या.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. थॉमसन सीडलेसचा बागायतदार माल निर्यातीला देतो. भाव नसेल तर स्थानिक बाजारात नेतो, तेही जमलं नाही तर बेदाणा करतो. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. ते बाजारात कोण घेणार? त्याला गिऱ्हाईक एकच, वायनरी. खरड छाटणी, गोडी छाटणी, औषधं, मजुरी हा सगळा खर्च शेतकऱ्याने आधीच केलेला असतो.

2008च्या मंदीत आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पर्यटन घटलं, हॉटेलांतला खप घटला. टाक्या भरलेल्या, वायनऱ्या कर्जात. पुढच्या दोन वर्षांत कित्येकांनी वाइनच्या वेली काढल्या आणि पुन्हा खायच्या द्राक्षाकडे वळले. युरोपात वेल उपटायला अनुदान होतं, आपल्याकडच्या शेतकऱ्याने ती पदरमोड करून उपटली. माझ्या मते, दोन्हीकडच्या इतिहासातला मोठा फरक हाच.

म्हणून जानेवारी 2022मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला, तेव्हाचा वाद मला अपुरा वाटला. एक बाजू म्हणे संस्कृती बुडेल, दुसरी म्हणे शेतकऱ्याचं भलं होईल. विरोधामुळे निर्णय अडला. पण राज्यातल्या द्राक्षांपैकी वाइनला जातो तो अगदी थोडा हिस्सा, हे फार कमी लोक बोलले. आणि ज्याचा माल वाइनला जातो, त्याच्या कराराचं काय, हे तर कुणीच फारसं विचारलं नाही.

आपल्या बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. उद्या कुणी जांभळाच्या वाइनची योजना घेऊन आलं, तर तिला लगेच हो किंवा नाही म्हणू नका. तीन प्रश्न विचारा : भाव आधी ठरणार का? पैसे किती दिवसांत मिळणार? आणि कंपनीने माल नाही उचलला, तर तो दुसरीकडे विकता येईल का? जांभूळ निदान टोपलीत घालून स्टेशनबाहेर विकता येतं. शिराझच्या शेतकऱ्याला तेवढीही सोय नव्हती.

आता तुमचे प्रश्न घेऊ.